ओले पट्टे

आमच्या मोआब गावच्या वाळूखडकावर सायकलींसाठी वाट अशी नाहीच. लालसर दगडाचे नुसते उंचवटे, आणि त्यांवर रंगवलेले पांढरे पट्टे. तेवढे बघत जायचं. दर वसंतात, पाहुण्यांची गर्दी सुरू व्हायच्या आधी, आम्ही गावातलेच लोक ते पट्टे पुन्हा रंगवतो.

माझी लेक हेझल झाल्यानंतर मी पहिल्यांदाच सायकल बाहेर काढली होती. नवरा, कोलबी, तिला घेऊन खाली गाडीपाशी थांबला.

"तिला भूक लागायच्या आत ये गं," तो म्हणाला. "माझ्याकडे त्याची सोय नाही."

माझ्याबरोबर सायकलवर निघालेली नणंद ट्वायला खो खो हसत सुटली.

ऊन कोवळं होतं. टायर दगडाला घट्ट धरत होते. उतारावर मी पोरीसारखी ओरडले.

"वहिनी, दादाला ऐकू जाईल!"

"जाऊ दे!"

एका वळणानंतर पट्टे डावीकडे ढळू लागले. रंगवताना ट्वायलाचा हात असाच ढळतो. त्यावरून गाव तिला चिडवतं.

"हे तुझेच," मी म्हणाले.

"दिसतायत खरे माझेच. पण यंदा मी या बाजूला आलेच नाही."

"तुझी नक्कल करणारं कोण निघालं बाई?"

हसत हसत, सवयीनं, आम्ही पट्ट्यांमागे गेलो. मग टायरखाली चिकट आवाज येऊ लागला. मी उतरून बोट लावलं.

रंग ओला होता. पुढे कुणीच नव्हतं.

शेवटचा पट्टा कड्याच्या टोकाशी अर्धाच होता. मध्ये खोल दरी. उरलेला अर्धा पलीकडच्या कड्यावर.

"परत फिर," ट्वायला म्हणाली. हसली नाही.

आमच्याच टायरांचे पांढरे ठसे धरून आम्ही उलट निघालो. उशीर झाला होता. माझी छाती दुधानं भरून ठणकत होती, शर्ट भिजला होता. रडून रडून हेझलचा घसा बसला असेल, एवढंच डोक्यात.

गाडीपाशी शांतता होती.

"आण इकडे तिला. फार रडली का रे?"

"पुन्हा?" कोलबी हळूच म्हणाला. "आत्ताच तर पाजून गेलीस. एक शब्दही बोलली नाहीस. रुसलीस की काय माझ्यावर?"

ट्वायलानं माझा हात धरला.

मी हेझलला छातीशी घेतलं. तिनं तोंड फिरवलं. पोट टम्म होतं. ओठांच्या कोपऱ्यात दूध होतं, अजून कोमट.