एकाच हाकेत

"कळवण्यास आनंद होतो की आपला सर्व्हर नवा झाला आहे. सॉफ्टवेअर आता जलद चालेल. यापुढे पेशंटला तीनदा नाही, एकदाच हाक मारली जाईल."

हा मेसेज मी लिहिला. तेलगावात गॅरेजच्या वर आमचं ऑफिस आहे. दोन खुर्च्या, एक पंखा आणि मालक हारिसभाई. दवाखान्यांत पेशंटचं नाव पुकारणारं सॉफ्टवेअर आम्ही विकतो. पूर्वी ते इतकं मंद होतं की नाव येईपर्यंत काही पेशंट आपोआप बरे होऊन घरी जायचे.

दुपारीच दिंद्रुडच्या दवाखान्यातून कंपाउंडर बसप्पाकाकांचा फोन आला.

"मुजाहिद, मशीन लई पळायलंय. पण पेशंट उठंनात."

"कावून?"

"एका हाकेला ओ द्यायची नसती म्हणत्यात. माणूस तीनदा हाक मारतंय. एकदाच मारणारं माणूस नसतंय."

मी हसलो आणि दवाखान्यातल्या स्क्रीनवर दुसरा मेसेज पाठवला : पेशंटनी एका हाकेत उठून सहकार्य करावे.

लोकांनी सहकार्य केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा परत फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"हाटेलवाला नाथा सकाळी चहा घेऊन आलता. त्याचं नाव मी मशीनमधी टाकलंच न्हाई. तरी पुकारलं. त्यो 'ओ' म्हणला, ग्लास बाकावर ठेवला अन् आत गेला."

"मग?"

"डॉक्टर म्हणत्यात, आत कुणी आलंच न्हाई."

त्या खोलीला एकच दार आहे. खिडकी नाही. तिथली स्क्रीन मीच बसवली होती.

मी गाडीला किक मारली. कारण माझी आत्या, अजमतबी फुप्पी, त्याच दवाखान्यात शुगर तपासायला गेली होती. अम्मी गेल्यावर मला तिनंच वाढवलं. जेवायला तीनदा हाक मारायची. तिसरीला उठलो नाही, तर चप्पल यायची.

मी पोचलो तेव्हा फुप्पी बाकावर बसली होती. शेजारी नाथाचा ग्लास. चहा सकाळचा, तरी अजून वाफ निघत होती.

"हिची चिठ्ठी अजून केली न्हाई," बसप्पाकाका कुजबुजले. "तरी एकदा नाव आलं."

"फुप्पी, ओ दिलीस का?"

"मी काय येडी हाय? एका हाकेला कोण उठतंय?"

मी तिथूनच हारिसभाईला फोन लावला. "भाई, जुना सर्व्हर परत लावा. आत्ताच्या आत्ता."

"परत म्हंजे? नवा लावलाय कुठं बे? खोका माझ्यापुढं हाय. टेपबी न्हाई काढली. मेसेज तेवढा आधी पाठवायला लावलता तुला."

फोन ठेवला. मला एकच काम येतं, ते मी केलं. मेसेज लिहिला.

"पूर्वीप्रमाणे तीनच हाका मारल्या जातील. तसदीबद्दल क्षमस्व."

पाठवला. मग वाकून स्पीकरची पिन उपटली.

"अजमतबी."

पिन माझ्या हातात होती.

"अजमतबी."

"झाल्या की तीन," फुप्पी मागून म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता. "आता माणूसच हाय."

"फुप्पी, थांब!"

"ओ," ती म्हणाली.

मी वळलो. दार हलत होतं. उंबऱ्याशी तिच्या चपला होत्या, जोडून ठेवलेल्या.

मी दार ढकललं. डॉक्टर एकटेच होते. त्यांनी वर बघितलं.

"हं, पुढचा कोण?"

बसप्पाकाका निघून गेले. डॉक्टरही गेले. मी बाकावर बसलोय. पिन अजून हातातच आहे.

मघाशी स्पीकरमधून फुप्पीचा आवाज आला. घरी मारायची तशीच हाक.

"मुजाहिद."

थोड्या वेळानं परत.

दोन झाल्यात.

उंबऱ्याशी आता एकच चप्पल आहे.