पळसफूल गटापुढे आलेली मागणी

प्रेम कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही, असं आजवरच्या सर्व थोर मंडळींनी सांगून ठेवलं आहे. थोर मंडळींना कारध्याचा पळसफूल किशोरी बचत गट ठाऊक नसावा. तिथे प्रेमाला मंगळवारी दुपारी चारला, चपला बाहेर काढून, सतरंजीवर मांडी घालून रीतसर मागणी मांडावी लागली. वर जामीनही आणावा लागला.

सुरुवात मात्र साधी होती. भंडाऱ्यात धर्मेंद्रचं पत्र्याच्या पेट्यांचं आणि धानाच्या कोठ्यांचं दुकान आहे. एका सकाळी दुकानापुढे सायकल थांबली. कॅरिअरवर लोखंडी पेटी, पेटीला तीन कुलपं, आणि सायकल धरून हर्षा – पळसफूल गटाची ताई, पंचवीस वर्षांची, बी.ए., कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून आलेली, नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब. धर्मेंद्रने आधी थेंब पाहिला, मग पेटी. धंद्याच्या दृष्टीने हा क्रम चुकीचा होता.

"हे उघडून पायजे," ती म्हणाली.

"चाव्या?"

"आत आहेत."

"कशाच्या आत?"

"...पेटीच्या."

धर्मेंद्रने पुष्कळ प्रयत्न केला, पण हसू मिशीखालून निसटलंच.

खरं तर व्यवस्था चोख होती. तीन कुलपं, तीन चाव्या, तीन मुलींकडे एकेक. एकीच्या मनात आलं म्हणून पेटी उघडू नये – विशेषतः एकीच्या बापाच्या मनात आलं म्हणून. पण तिघींनाही लाखांदूरला एकाच लग्नाला जायचं होतं. गर्दीत चाव्या हरवू नयेत म्हणून तिघींनी त्या गावातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवल्या आणि तिन्ही कुलपं दाबून लावली.

"तोडून देतो. दोन मिनिटाचं काम."

"इथं नाही. पेटी गटासमोरच उघडते. मंगळवारी चारला या."

"मंग एवढं वजन कायले आणलं ओढत?"

"कुलपं दाखवायले."

"फोनमधी फोटो आणता आला असता ना."

हर्षाने याचा विचार केलेला नव्हता. ती लाजली वगैरे नाही. पण कॅरिअरची दोरी तिने उगाच दोनदा आवळली. धर्मेंद्रने तेही पाहिलं.

मंगळवारी त्याने एकही कुलूप न तोडता पेटी उघडली. बारा किशोरींनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच त्याला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं, कारण परक्या माणसासमोर पैसे काढत नाहीत. तो बसला. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. मागून हर्षाचा आवाज येत होता, तेवढं त्याला पुरलं.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा हजर.

"आता कायले आले?" गटाची अध्यक्ष रेणू, वय सतरा, दारातच आडवी उभी राहिली.

"कुलपाले तेल द्यायले."

चौथ्या मंगळवारी रेणू म्हणाली, "भाऊ, मागच्या बारीले तर दिलं होतं ना तेल?"

"पिऊन गेलं असन बाप्पा. कुलूप हाये, त्याचा काय भरोसा!"

आत कोणीतरी फिस्सकन हसलं. हर्षाने "शांतता!" असं इतक्या जोरात म्हटलं की सगळ्यांना सगळं कळलं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, नदीवर धुकं उतरत असताना, त्याने तिला पुलावर गाठलं. सायकलीच्या दांडीवर तिचा हात होता. त्याने आपला हात शेजारी ठेवला – चार बोटं सोडून.

"हर्षा, मी काय म्हणतो..."

"म्हणू नका."

"काहून? मी आवडत नाही?"

"आवडता. तोच तर तरास आहे." तिने नदीकडे पाहिलं. "नियम आहे, गटाची ताई त्याच गावात राहणारी पायजे. पुलाच्या इकडे ग्रामपंचायत, तिकडे नगरपरिषद. मी तुमच्या घरी आली का इकडचा गट संपला. आमच्या स्वातीताईचं लग्न झालं तवा दोन वर्षं बंद होता. त्या दोन वर्षांत चौघींच्या शाळा सुटल्या. एकीचं तर लग्नच लावून दिलं... सोळा वर्षांची होती. मी पेटीतून कर्ज काढून कॉलेजले जायचा एसटीचा पास काढत होती, म्हणून बी.ए. झाली. आता मीच पेटी सोडून जाऊ?"

धर्मेंद्रने पुलाचं एक टोक पाहिलं, मग दुसरं. मग म्हणाला, "गटात कर्ज कसं मागतात?"

"कारण सांगतात. परत कसं करणार ते सांगतात. जामीन आणतात. मंग साऱ्याजणी हात वर करतात."

"मंगळवारी येतो."

"तेल घेऊन?"

"मागणी घेऊन."

आला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा.

"काय पायजे?" रेणूने विचारलं.

"हर्षा."

"गटात ताई म्हणा लागते. नियम हाये."

"...हर्षाताई."

"ताई म्हणे! अगं, ताई म्हटलं!" सतरंजीवर हसण्याचा असा कल्लोळ उठला की शेजारची आनंदाबाई कढई घेऊनच धावत आली.

"ठीक हाये. लग्नानंतर ताई कुठं राहीन?"

"इथंच. मीच येतो कारध्याले."

हसू थांबलं. हर्षाने मान वर केली.

"जामीन?"

"आई."

"तिले माहीत आहे?"

"...अजून नाही."

"पुढच्या मंगळवारी आईले घेऊन या," अध्यक्षांनी निकाल दिला.

पुढच्या मंगळवारी धर्मेंद्रची आई मंदाबाई आल्या, त्या तणतणतच. "काय वो पोट्ट्यांनो, माह्या पोराले घरजवाई करून राहिल्या? सून सासरी येते. आमी नाही आलो?"

मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. रेणू उठली.

"मावशी, मागच्या साली मले पाहाले आले होते. मी नाही म्हटलं, घरी कोणी ऐकेना. तं ह्या साऱ्याजणी आल्या आन आमच्या ओसरीत बसून राहिल्या. भांडल्या नाही, काही नाही. ताईनं पाहुण्यायले फक्त पोरीचं वय विचारलं. एकदा नाही, प्रत्येकाले वेगळं विचारलं. पोहे खाऊन पाहुणे गेले ते गेलेच. मी यंदा बारावीले आहे. ताई गेली तर उद्या हिच्या ओसरीत कोण बसन?" तिने शेजारच्या भावनाच्या डोक्यावर हात ठेवला. भावना चौदा वर्षांची होती.

मंदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"माह्या लग्नात मी पंधराची होती," शेवटी त्या म्हणाल्या. "ओसरीत लय लोक बसले होते. सारे जेवाले बसले होते." मग धर्मेंद्रकडे न पाहताच, "घेऊन जा माय पोराले. मी हाये जामीन."

बारा हात वर झाले. रेणू वळली. "ताई, तुमी?"

"ताईले मत नसते ना गटात."

"आज हाये."

हर्षाने हात वर केला. हळूच; पण पूर्ण, कोपर सरळ करून – जसा तिने त्या मुलींना शिकवला होता. धर्मेंद्रला या वेळी कोणी भिंतीकडे तोंड करायला सांगितलं नाही.

लग्न एप्रिलात झालं. पाठवणी झाली ती नवऱ्याची. मंदाबाई रडल्या, गल्लीतल्या बायांनी त्यांना धरलं, कोणी धर्मेंद्रच्या पिशवीत चिवडा कोंबला. पुलाच्या कारध्याकडच्या टोकाला बाराजणी नव्या कपड्यांत उभ्या होत्या, आणि जिंकून आणलेला जावई पाहायला त्यांनी अख्खं गाव गोळा केलं होतं. रेणूची मान तर इतकी ताठ होती की फोटोत ती सर्वांत उंच दिसते. गट चालू आहे.

दुकान भंडाऱ्यातच आहे. दुपारचं जेवण तो आईकडेच करतो.