सात पॉइंट चार ओहम

"आत्या, तो आत्ता परत बोलला."

दुपारचे साडेतीन वाजले होते. फोनवर भाचीचा आवाज अगदी खोल गेला होता.

"उद्या भाऊजी ठकीला न्यायला येणारेत. आणि आत्या, मला वाटतं, नेऊ दे. माझं डोकं खरंच ताळ्यावर नाही."

"मी येईपर्यंत पोरीची बॅग भरायची नाही," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

आत्यानं तीस वर्षं तंत्रशाळेत वीज शिकवली होती. पर्समध्ये कंगवा नसला तरी मीटर असायचं. 'आत्याबाईला मिशा असत्या तर' हा विनोद विद्यार्थी तिच्या पाठीमागे करायचे; तिला तो माहीत होता आणि आवडायचाही.

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती पोचली. ठकी शाळेत गेली होती. भाची पलंगावर बसून भिंतीकडे बघत होती.

सहा महिन्यांपूर्वी तिचा नवरा दुकानात काम करता करता कोसळला होता. गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ही भिंत त्याच्या गॅरेजची. पलीकडे त्याची गाडी कापडाखाली उभी होती.

"केव्हापासून?"

"महिना झाला. रोज तीनला. मी जरा आडवी होते तेव्हा."

"काय बोलतो?"

"शब्द कळत नाहीत. बाजूच्या खोलीत कुणी हळू बोलावं, तसं. पण तोच आहे, आत्या. मधेच थांबतो, खाकरतो, मग पुन्हा बोलतो. फडताळावरचं भांडं थरथरतं."

"उठून गॅरेजमध्ये गेलीस?"

भाचीनं नकारार्थी मान हलवली.

"का नाही?"

"गेले, आणि तिथं कोणीच नसलं तर?"

आत्यानं भिंतीवर तळहात ठेवला. भिंत गार होती.

"मग तू काय करतेस?"

"त्याच्याशी बोलते. माफी मागते. त्या दिवशी सकाळी भांडले होते ना. परवा भाऊजींनी ते दारातून पाहिलं. डॉक्टरकडे तेच घेऊन गेले."

तेवढ्यात दीर आलाच. ठकीचे कपडे न्यायला. नीटनेटका, हळू बोलणारा माणूस.

"वहिनींना विश्रांती हवी, आत्या. पोरगी आमच्याकडे मजेत राहील."

"आवाजाचं तुम्ही कधी बघितलंत?"

"बघितलं ना. परवाच गॅरेज उघडलं. गाडीची बॅटरी मीच चार महिन्यांपूर्वी काढून ठेवली. सबवूफरची, त्या जाड आवाजाच्या स्पीकरची पेटी आहे तशी डिकीत आहे. वाजणार कशानं?"

"विजेचं कळतं तुम्हाला?"

"छे! बल्ब बदलायचा तरी माणूस बोलावतो."

"दुपारी पावणेतीनला येता का? बोलून टाकू एकदाच."

त्यानं होकार दिला.

स्वयंपाकघरात सासूबाई चहा गाळत होत्या. वय सत्तरीचं, कान पाच वर्षांपूर्वीच गेलेले. समोरच्याच्या ओठांवरून त्या बोलणं ओळखत. कप देताना त्यांची बोटं दिसली. टोकांना जुने काळपट डाग, बारीक चिरा.

"हे कशानं?" आत्यानं ओठ ठळक हलवत विचारलं.

"तांब्याच्या तारेनं. चाळीस वर्षं पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरली. तार गुंडाळायला लेकाला मीच शिकवलं," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

त्यांच्या खोलीत फडताळावर घरगुती गाण्यांचा संच होता. लेकानं आणलेला, कान चांगले होते तेव्हाचा. दोन्ही स्पीकरवर धुळीचा थर. मधला छोटा ॲम्प्लिफायर मात्र लख्ख. आत्यानं तो उचलून पाहिला. दोन किलोही नसेल. मागं छापलं होतं: आठ ओहम.

स्वयंपाकघरातूनच गॅरेजमध्ये जायला दार होतं. किल्ली खिळ्याला अडकवलेली. आत्या एकटीच आत गेली.

गाडीवर कापड होतं. बॅटरीची जागा रिकामी. डिकीही रिकामी.

पेटी खाली होती. भाचीच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली. आत्यानं ती हलवायला पाहिली. तीस किलोच्या खाली नव्हती. फरशीवर ओढल्याची एक रेघ नव्हती. पेटीच्या कडेपासून भिंतीपर्यंत कोळ्यानं ऐसपैस घर केलं होतं.

आत्यानं मीटर काढलं. आधी त्याच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या. तारांचा स्वतःचा रोध किती ते बघून वजा करायला. मग त्या पेटीच्या टोकांना लावल्या.

सात पॉइंट चार.

तिनं स्क्रू काढून सबवूफर बाहेर काढला. मागच्या चुंबकावर जावयाच्या हातचं मार्करनं लिहिलेलं होतं: 'कॉइल दोन. ३.७, ३.७. जोडून १.८५.'

तिनं मनात बेरीज केली: तीन पॉइंट सात दोनदा, म्हणजे सात पॉइंट चार. मग सगळं होतं तसं बसवलं.

जावयाचं दुकान आता त्याचा भागीदार एकटा चालवत होता. तो आत्याचाच जुना विद्यार्थी निघाला. उठून उभाच राहिला.

"बस. त्याच्या गाडीतला सबवूफर कसा जोडला होता?"

"पॅरलल, बाई. चार ओहमच्या दोन कॉइल. मीटरवर नेहमी जरा कमी दिसतं, म्हणून तीन पॉइंट सात. शेजारीशेजारी जोडल्या की भार दोन ओहम. त्याच्या ॲम्पला दोनच लागायचा, तिथंच तो पूर्ण दम द्यायचा."

"आणि एकीमागे एक जोडल्या तर?"

"आठ. पण गाडीत कशाला कोण करेल? निम्मी ताकदही मिळायची नाही."

"घरातल्या ॲम्पला दोन ओहम दिला तर?"

"तापेल, बाई. धूर सोडेल."

"गॅरेजची किल्ली तुझ्याकडे आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "तेरावं झालं त्या दिवशीच परत दिली. माझ्यावर संशय आहे का?"

"होता. कुठल्या ॲम्पला किती भार जुळतो ते तुला कळतं. पण तू असतास तर इथली बॅटरी आणि इथलाच ॲम्प नेला असतास. तारा बदलल्याच नसत्यास. त्याचं अजून काही सामान?"

"हत्यारं, आणि एक जुना फोन. हात कामात असायचे, म्हणून मापं त्यात बोलून ठेवायचा. सगळं घरी पाठवलं."

पावणेतीनला दीर आला, ठकीच्या कपड्यांसाठी पिशवी घेऊनच. आत्यानं त्याला भाचीच्या खोलीत बसवलं. भाची पलंगावर आडवी झाली.

तीन वाजले.

आधी भांडं थरथरलं. मग भिंतीतून पुरुषाचा आवाज येऊ लागला. खोल, जाड, शब्दांवाचूनचा. थांबला. खाकरला. पुन्हा सुरू झाला. आत्याच्या अंगावर सरसरून काटा आला. सगळं माहीत असूनही.

भाचीचे ओठ हलू लागले. आत्यानं तिचा हात धरला. "चल. तिथं कोणीतरी आहे."

दीर उठला. "कशाला त्रास देता वहिनींना?"

"तुम्ही पुढं व्हा."

गॅरेजचं दार नुसतं लोटलेलं होतं. पेटीसमोर स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. शेजारी छोटा ॲम्प्लिफायर, त्याला जोडलेला जुना फोन. डोळे मिटलेले. उजवा तळहात सबवूफरच्या थरथरत्या कागदावर टेकलेला.

त्यांना ऐकू येत नव्हतं. लेकाचा आवाज त्या हातानं चाचपत होत्या.

भाची दारातच खाली बसली.

"सांगते," आत्या म्हणाली. "सबवूफर फक्त जाड आवाज काढतो. शब्दांची धार त्यातून जात नाही, म्हणून नुसती गुणगुण. मीटरवर एक पॉइंट आठपाच यायला हवं होतं, आलं सात पॉइंट चार. कुणीतरी तारा बदलून भार आठाचा केला होता. आठ मागणारा ॲम्प या घरात एकच, आणि कॉइल जोडता येणारे हातही आता या घरात दोनच. विहीणबाईंचे. भिंतीपलीकडे ऐकू जातं हे त्यांना कळणार कसं?"

"म्हणजे आईचंच!" दीर घाईनं म्हणाला. "बिचारीला काय बोलायचं—"

"ही पेटी डिकीतून कुणी उचलली?"

त्यानं आईकडे पाहिलं.

"तीस किलो. ओढलेली नाही, उचललेली. पेटीपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं घर आहे, म्हणजे ती इथं येऊन आठवडे झालेत. आणि तुम्ही परवा गॅरेज उघडलंत, तेव्हा ती डिकीत होती?"

सासूबाईंनी दचकून हात काढला होता. त्या धाकट्या लेकाच्या ओठांकडे बघत होत्या. "मीच सांगितलं होतं याला," त्या म्हणाल्या. "भिंतीशी ठेवतो, पडायची नाही, असं म्हणाला. काय झालं?"

"आईच्या सुखासाठी गप्प बसलो," दीर म्हणाला.

"मग डॉक्टरला का नाही सांगितलंत?"

त्यानं पिशवी छातीशी धरली. "बारा वर्षं झाली. आमच्या घरी पाळणा हलला नाही. आवाज भिंतीतून जातो हे नंतर कळलं. वहिनी बोलताना दिसल्या आणि... वाटलं, पोरगी आपली होईल."

सासूबाईंनी त्याचे ओठ वाचले. पुन्हा बोल म्हणाल्या. त्यानं मान खाली घातली. तेव्हा त्यांनी त्याच्या हातातली ठकीची पिशवी काढून घेतली.

"भाऊजी," भाची शांतपणे म्हणाली, "ठकी दर रविवारी तुमच्याकडे यायची. मी कधी अडवलं नाही. आता अडवीन."

तो गेला. गाडीवरचं कापड वाऱ्यानं जरा हललं.

"आत्या, तो काय बोलतोय ते मला ऐकायचंय."

आत्यानं पेटीची तार सोडवली. आतल्या खोलीतला धुळीनं माखलेला स्पीकर आणून जोडला. आवाज उघडला, तसा तो माणूस त्यांच्यात येऊन उभा राहिला.

"...पांढरी गाडी, मागची पेटी. कॉइल एक, तीन पॉइंट सहा. कॉइल दोन, तीन पॉइंट सहा. वायर जाड लागेल..."

महिनाभर भाची या मापांची माफी मागत होती. ती हसली, आणि तो हुंदकाच निघाला.

फोनमध्ये लांबून एका बाईची हाक आली. "पानं घेतली रे! किती वेळ?"

भाचीनं स्वतःचा आवाज ओळखला. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये मारलेली हाक.

पकड खाली ठेवल्याचा खणकन आवाज. मग तो, हसत, अगदी जवळून.

सासूबाई सुनेचा चेहरा न्याहाळत होत्या. "काय म्हणाला गं?"

भाचीनं त्यांच्यासमोर गुडघे टेकले, ओठ नीट दिसतील अशा बेतानं.

"आलो म्हणाला, आई."