मेतकूट आणि बाहेरचा माणूस

वृंदाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो दिल्लीतल्या मयूर विहारच्या एका किराणा दुकानात तिच्या आईच्या मेतकुटाचं पाकीट नाकाशी धरून उभा होता. शहाण्णव सालचा डिसेंबर, बाहेर गारठवणारी भुरभुर... आणि हा आत पाकीट हुंगतोय.

“आधी विकत घ्या, मग हुंगा,” ती म्हणाली.

“बिल्कुल. पण हे... खायचं असतं?”

मराठी बोलतो आणि मेतकूट ठाऊक नाही. वृंदाने असं काही पाहिलं, की दुसरा असता तर पळाला असता. हा हसला. सुभेदाराचा मुलगा, कँटोन्मेंटमध्ये वाढलेला, नाव विनय. आणि घ्या — वृंदाने नव्या पाकिटासाठी फोनवर ठरवलेला डिझायनर तो हाच.

ठरवला होता आईच्या नाकावर टिच्चून. कांताबाईंनी साफ बजावलं होतं, होळीपर्यंत माल हलला नाही तर नोएडातला नवा कारखाना बंद, आणि दोघी पुण्याला परत. दिल्लीतच लहानाची मोठी झालेल्या वृंदाने त्याच रात्री डिझायनरला फोन लावला होता. आता आईचं वेगळंच सुरू झालं. चाळीस वर्षं मेतकूट दळतेय मी, आणि ते खातात हेही ज्याला ठाऊक नाही, तो मला शिकवणार? बरोबरच होतं म्हणा बाईंचं. पण नुसतं बरोबर असून माल खपत नाही.

आठ दिवस विनयने पेन्सिल उचलली नाही. दुकानात स्टुलावर बसून नुसती गिऱ्हाइकं न्याहाळायची. वृंदा त्याच्यावर नजर ठेवायला जाई... निदान घरी तसं सांगून जाई. नजर ठेवायला जाताना आरशासमोर अर्धा तास का लागावा, ते तिचं तिलाच माहीत. तो न विचारता आपल्यातला अर्धा चहा तिच्यापुढे सरकवी.

नवव्या दिवशी एक सरदारीण तणतणत आली. “लड़की की शादी में लगाया था जी, मुँह से हींग की बू ही नहीं जाती.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पिवळी पूड, पाकिटावर नथ घातलेली गोरीपान बाई... अख्खी कॉलनी मेतकुटाला उटणं समजून तोंडाला फासत होती.

कांताबाई ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, मग पाकीट हातात घेऊन निरखू लागल्या. ती नथवाली त्यांनीच निवडलेली.

“काढा तिला,” एवढंच म्हणाल्या.

नव्या पाकिटावर वाफाळता भात आला, वर मेतकूट, तुपाची धार. मागे हिंदीत, कसं कालवायचं ते. होळीआधीच दुकानदार आपण होऊन कारखान्याच्या दारात येऊ लागले. पुण्याचं नाव निघेनासं झालं.

काम संपलं, तसा विनय निरोप घ्यायला आला. वृंदाने पान वाढलं. तो भात नुसताच कालवत बसला.

“तुमचं लोणचंही खपत नाही म्हणे.”

“मग तूच बघ ना.”

“नाही जमणार. त्याला बाहेरचा माणूस हवा.”

“आणि तू कोण?”

“मला आता गिऱ्हाईक दिसतच नाही, यार. स्टुलावर बसतो, आणि डोळे दाराकडे... तू येतेस का म्हणून.”

वृंदाचे कान तापले. तिने वाटी उचलली आणि त्याच्या भातावर आणखी तूप घातलं — जरा जास्तच.

“लोणच्याला दुसरा शोधते मी,” ती खाली बघत म्हणाली. “तू आपला घरचाच बरा.”