धक्क्याच्या टोकावरचा माणूस

"काका, तुझ्या एकाही फोटोत माणूस का नसतो?"

हा प्रश्न विचारायची पैज आम्हीच लावली होती. आम्ही म्हणजे तिच्या वर्गातल्या तिघी. म्हणून आधीच सांगून टाकते, पुढे जे घडलं ते अगदी खरं आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी तरी आता त्या तलावाकडे फिरकत नाही.

ती म्हणजे आमची भिंगरी. हजेरीपटावर नाव वेगळं आहे, पण आता सरसुद्धा तिला भिंगरीच म्हणतात. पोरगी एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ! बाकावर बसली तरी पाय हलतोच. वर्गाच्या फोटोत सगळ्यांना चेहरे आहेत, हिच्या जागी नुसता धुरळा.

आणि तिचा काका नेमका उलटा. शाळेसमोर त्याचं चष्म्याचं दुकान. हळू चालणार, मोजकं बोलणार. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुना कॅमेरा घेतला आणि गडी कामातून गेला. आधी गच्चीवरून ढग. मग टेकडी. मग गावाबाहेरचा तलाव. बघता बघता दुकानात फ्रेमपेक्षा फोटो जास्त झाले.

"भाऊजी, गिऱ्हाईक डोळे तपासायला येतं, तलाव बघायला नाही," भिंगरीची आई म्हणायची.

"वहिनी, तलाव नीट दिसला की डोळे चांगले. तपासणी झाली!"

पण त्या फोटोंत माणूस नव्हता. एकही नाही. तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची ही झुंबड असते! म्हणून तर आमची पैज.

काका हसला. "असतात की माणसं. पण हलतात."

मग त्याने तिला एक काळी काच दाखवली. ती कॅमेऱ्याच्या भिंगासमोर लावायची. उजेड इतका कमी होतो की एका फोटोला दोन-दोन मिनिटं लागतात. टक... शटर उघडलं. टक... बंद झालं. मधल्या वेळात जे हललं ते पुसलं गेलं. पाणी दुधासारखं दिसतं. चालणारी माणसं नाहीशी होतात.

"मग टिकतं कोण?"

"जो अजिबात हलत नाही तो."

झालं! पैज राहिली बाजूला, भिंगरीलाही वेड लागलं. दर रविवारी ती काकाबरोबर निघायची. कॅमेऱ्याची तिपाई तो लावायचा. घड्याळ आणि शटरच्या वायरचं बटण हिच्या हातात. नियम एकच. वेळ संपली की बंद. काहीही होवो, बंद. नाहीतर फोटो पांढराफटक.

तिसऱ्या रविवारी फोटोत कोणीतरी आलं.

जुन्या लाकडी धक्क्याच्या टोकावर... पाठमोरं.

त्या धक्क्याच्या फळ्या कुजल्यात. फाटकाला कुलूप आहे. आणि दोन मिनिटं दोघंही तिकडेच बघत होते. तिथे कोणी नव्हतं.

"जिवंत माणूस असा उभा राहूच शकत नाही," काका पुटपुटला. "श्वास घेतला तरी कडा पुसट होते. ही बघ... सुरीसारखी आहे."

पुढच्या रविवारी तो पुन्हा होता.

पण थोडासा वळलेला.

त्याच्या पुढच्या रविवारी आणखी थोडा.

काकाने दोन मिनिटांची चार केली. "जास्त वेळ दिला तर चेहरा दिसेल," म्हणाला. आता दुकान दुपारी उघडायचं. ताटातलं अन्न तसंच राहायचं. बोलता बोलता तो मध्येच थांबायचा आणि डोळ्यांची पापणीही न लववता बसून राहायचा.

भिंगरीने एक गोष्ट पाहिली होती. त्या पाठमोऱ्या माणसाचा डावा खांदा खाली उतरलेला होता. कॅमेऱ्याची जड बॅग अडकवून अडकवून काकाचा झालाय... अगदी तसाच.

ती बोलली नाही. बोलली असती तर तिचे रविवार बंद झाले असते.

हे सांगताना ती माझ्यासमोर ढसाढसा रडली.

मागच्या महिन्यातला दुसरा रविवार. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. लख्ख उजाडलं होतं.

"आज आठ मिनिटं," काका म्हणाला.

टक.

काका तिच्या शेजारीच उभा होता. पहिली तीन मिनिटं तर चक्क गप्पा मारत होता. "दहावी झाली की हा कॅमेरा तुझा. मी नवा घेईन. वहिनींना आत्ताच सांगू नकोस, ओरडतील."

भिंगरी हसली. नजर घड्याळावर.

चौथं मिनिट. पक्ष्यांचा आवाज थांबला.

पाचवं. काठावर लाटांचं चुबुक-चुबुक चाललं होतं... तेही थांबलं.

सहावं. "काका, ऐकलंस?"



तिने मान वळवली. शेजारी कोणी नव्हतं. बॅग होती. ओल्या मातीत त्याच्या बुटांचे ठसे होते. तिथपर्यंत आलेले. तिथून कुठेच न गेलेले.

"काका, मस्करी नको हं!"



सातवं. हाका मारून तिचा घसा बसला. धक्का रिकामा. पाणी आरशासारखं.

आठवं.

आणि हाताला सवय होती. वेळ संपली की बंद. काहीही होवो.

टक.

लगेच पक्षी ओरडायला लागले. लाटाही सुरू झाल्या.

आठ मिनिटांचा फोटो साफ करायला तो कॅमेरा आणखी आठ मिनिटं घेतो. तेवढा वेळ भिंगरी काठाने सैरावैरा धावली, फिरायला आलेल्यांना विचारत सुटली. चष्मेवाल्याला कोणीच पाहिलं नव्हतं. ती परत आली तेव्हा पडद्यावर फोटो उमटला होता.

धक्क्याच्या टोकावर काका. तोंड तिच्याकडे. लख्ख.

एक हात वर केलेला. थांब, बंद करू नकोस, असं सांगताना करतात तसा.

त्या हाताचं एक बोटसुद्धा पुसट नव्हतं. म्हणजे आठही मिनिटं तो हात तसाच वर होता.

मग पहिली तीन मिनिटं तिच्या शेजारी उभं राहून बोलत होतं... ते कोण?

पाणबुडे तीन दिवस उतरले. काही मिळालं नाही. पोलिसांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, धक्क्यावर होते, पाय घसरला असेल. फाटकाचं कुलूप कसं लागलेलं होतं, हे कोणी विचारलं नाही. भिंगरीच्या बाबांनी कॅमेऱ्याची बॅटरी काढून ऑफिसच्या खणात टाकली आणि कॅमेरा कपाटात बंद केला.

परवा वर्गाचा नवा फोटो आला. पहिल्यांदाच भिंगरीचा चेहरा स्पष्ट आलाय. कडा सुरीसारख्या. सगळे तिला चिडवत होते, "अगं, तू इतकी देखणी होतीस होय!" मी नाही चिडवलं.

काल संध्याकाळी मी तिच्या घरी होते. टेबलाशी तिचे आई-बाबा, ती आणि मी. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. तेवढ्यात कपाटातून आवाज आला.

टक.

एकदाच.

बाबांनी पान उलटलंच नाही. आईच्या हातातला पेला तिथेच थांबला. आम्ही दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिलो.

तो आला नाही.

मी टेबलाखाली पाहिलं. भिंगरीचा पाय हलत नव्हता.

"आई, बाबा," ती म्हणाली. आवाज एकदम शांत. "रागवा, कोंडून ठेवा, काहीही करा. पण येत्या रविवारी मी तलावावर जाणार. शटर मी बंद केलं होतं, उघडणारही मीच. आणि काका परत येईपर्यंत... कितीही वेळ लागो... या वेळी मी ते बंद करणार नाही."