एक ठोका आधी

ऑगस्टमध्ये दुपारी तीनला नागाहामाच्या किनाऱ्याची वाळू इतकी तापते, की चपला खोपटापाशी विसरलेली पोरं नाचत नाचतच पाण्याकडे पळतात. तोमोए खोपटाच्या पुढच्या अंगाला कणसं भाजत होती. दर जुलैत बांबू आणि बोरूच्या चटया लावून खोपट उभं करायचं, ऑगस्ट संपला की पाडायचं. आधी बाप करायचा, आता ती. वय एक्कावन्न. धुराने डोळे चुरचुरत होते.

ओसामु काखेत लॅपटॉप मारून आला. त्याचं बाजारात विजेच्या सामानाचं दुकान, आणि यंदा ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाची सगळी व्यवस्था त्याच्या गळ्यात.

"झालं बाई दुरुस्त," तो म्हणाला.

"काय दुरुस्त?"

"रेइजी."

तोमोएने कणीस उलटवलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ही दोघं आणि रेइजी असा तिघांचा बँड होता. तोमोए ड्रम, ओसामु गिटार, रेइजी गळा. याच खोपटात वाजवायचे. त्यांचं एकच गाणं चाललं, 'दोयोनामी'. उन्हाळा सरताना, वारा पडलेला असताना, लांबून गुपचूप येणाऱ्या मोठ्या लाटांना तिथले कोळी दोयोनामी म्हणतात. शहाण्णवच्या उन्हाळ्यात ते गाणं त्या किनाऱ्यावरच्या एकूण एक खोपटात वाजत होतं. ऑगस्टच्या अठराला रेइजी बुडाला. तो जिवंत होता तेव्हा रेडिओवर गाण्याला दुपारची दोनची मरगळलेली वेळ मिळायची, मेल्यावर संध्याकाळची सातची मिळाली. तेव्हापासून दर जूनमध्ये टीव्हीवर कुणीतरी त्या गाण्यासाठी डोळे पुसतं आणि लगेच बिअरची जाहिरात लागते.

जाणकार म्हणवणारे लोक त्या गाण्याच्या सुरुवातीवर पानंच्या पानं लिहितात. सुरुवातीला रेइजी "सेऽनो" ओरडतो आणि ड्रमच्या बरोब्बर एक ठोका आधी गायला लागतो. लाटेआधी घेतलेली उडी, म्हणे. कसली उडी आणि कसलं काय. चूक होती ती.

सेऽनो म्हणजे काही नाही. होडी ढकलताना, कपाट उचलताना, फोटो काढताना सगळ्यांनी एकदम सुरू करावं म्हणून म्हणायचा शब्द. भानगड एवढीच, की काही गावांत 'नो'वरच सुटतात आणि काही गावांत 'नो' झाल्यावर एक ठोका जाऊ देतात. नागाहामावाले ठोका जाऊ देणारे. रेइजी दहाव्या वर्षी आईबरोबर शिकोकूहून आलेला, 'नो'वर सुटणारा. तेरा वर्षं झाली तरी सुधारला नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी पुढचा बँड दार ठोकत होता, म्हणून तीच चूक तशीच छापली.

"लोकांना नाचायचंय," ओसामु म्हणाला. "पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेच कळेना बायकांना. म्हणून त्याचा आवाज एक ठोका मागे सरकवला. इतकंच. ऐक."

त्याने कळ दाबली. "सेऽनो."

आवाज एक ठोका आधीच आला.

"हे दुरुस्त?" तोमोए म्हणाली. "तुझ्याकडून पंखा नीट करून घेतला तेव्हाही तो उलटाच फिरत होता."

ओसामुने पडदा तिच्यापुढे धरला. आवाजाची रेघ आणि ड्रमची रेघ एकाखाली एक, एकाच जागी सुरू होत होत्या. त्याने पुन्हा वाजवलं. दोघांनी पडद्यावर डोळे लावून ऐकलं. कानाला एक ठोका आधी.

"उन्हाने तापला असेल," तो म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

दोन दिवसांनी समाजमंदिरात नाचाची तालीम झाली. आवाज चार ठोके आधी आला. बायका हसल्या, एकमेकींच्या पायावर पाय पडले. ओसामुने दुरुस्त केलेलं पुसून टाकलं आणि मूळ सीडी लावली. तिच्यातही चार ठोके. दहा तारखेला वीस सेकंद झाले. बाहेर झाडांवर किडे किरकिरत होते, खोलीत रेइजीचा नुसता आवाज, खाली काहीच नाही. मग कुठूनतरी ड्रम.

तेरा तारखेला दुपारी खोपटात गिऱ्हाईक नव्हतं. तोमोएने शेवया शिजवताना लावायचं घड्याळ घेतलं आणि मोजलं. दोन मिनिटं, चाळीस सेकंद.

"वाढत वाढत कुठपर्यंत जाणार गं हे?" ओसामुने विचारलं.

"चार मिनिटं अकरा सेकंद."

त्याच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात टेकला. तो आकडा त्यालाही पाठ होता. गाण्याची लांबी.

रेइजी बुडाला त्या दिवशी तिघं धक्क्याच्या टोकाला उभे होते. ओबोन उलटून गेलेला, पाण्यात कुणी नव्हतं. पितर परत जाताना जिवंत माणसाचे पाय धरतात म्हणून त्यानंतर कुणी उतरत नाही. रेइजी म्हणाला, भित्र्यांनो, तिघं एकदम. सेऽनो. तो 'नो'वर सुटला. ही दोघं एक ठोका थांबली, आणि त्या एका ठोक्यात त्यांनी खालची लाट बघितली. खोपटाच्या कर्ण्यावर त्यांचंच गाणं नुकतं सुरू झालं होतं. ओसामु हसत म्हणाला, साला पाण्याखालून मागे येईल आणि पाय ओढेल, हलू नकोस. ती हलली नाही. तोही हलला नाही. गाणं संपलं, कर्णा गप्प झाला, तेव्हा ती ओरडायला लागली.

पोलिसांना त्यांनी सांगितलं, आम्ही लगेच उड्या मारल्या. रेइजीच्या आईलाही तेच सांगितलं. तिने दोघांचे हात हातात घेऊन म्हटलं होतं, माझ्या लेकापाठी गेलात रे, पोरांनो.

"नको वाजवायला," ओसामु म्हणाला. "मशीन बिघडलं म्हणतो. कोळ्यांची जुनी गाणी लावू."

"आणि काकूंना काय सांगशील? महिनाभर बसून नवा किमोनो शिवलाय त्यांनी."

"तू सांग. तू रोज भेटतेस त्यांना."

"हो, मीच सांगते," तोमोए म्हणाली. "सगळंच सांगते."

रेइजीची आई, हिसाएकाकू, वरच्या गल्लीत राहायच्या. एकोणऐंशी वर्षांच्या. खोपटात बर्फ किसायला यायच्या, पैसे घ्यायच्या नाहीत. तोमोए गेली तेव्हा त्या रेइजीच्या फोटोपुढे बसून काकडीला चार काड्या टोचत होत्या. पितरांनी लवकर घरी यावं म्हणून काकडीचा घोडा करतात, आणि सावकाश परत जावं म्हणून वांग्याची गाय. फोटोपुढे घोडा होता. गाय नव्हती.

"वांगं आणून देऊ का, काकू?"

"कशाला?"

"गाय करायला."

"मी नाही करत गं ती. पहिल्या वर्षापासून नाही केली." त्यांनी काकडी सरळ उभी केली. "त्याला कुठे जायचंय?"

खिडकीत काचेची घंटी टांगलेली होती. वारा पडलेला होता, तरी ती किणकिणली. एकदाच.

"काकू, मला एक सांगायचं होतं. त्या दिवसाचं."

"कलिंगड खा आधी. गार आहे. काल ठेवलंय कापून."

तोमोएने कलिंगड खाल्लं. बिया बशीत काढून ठेवल्या. दुसरी फोडही खाल्ली. मग उठली, वाकून नमस्कार केला आणि तोंड न उघडता घरी आली. स्वतःच्या भित्रेपणाचा तिला इतका संताप आला, की चप्पल तिने भिंतीवर फेकून मारली. रात्री ओसामुला फोन केला. "वाजू दे. माझ्याच्याने बोलवत नाही. त्याला बोलू दे."

पंधराला संध्याकाळी सहाला मैदानात अजून उजेड होता. मधोमध मचाण, वर कंदील, भोवती दोनशे माणसं गोल करून. करपलेल्या सोया सॉसचा वास. काकू नव्या निळ्या किमोनोत घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हातात कागदी पंखा. तोमोए शेजारी उभी राहिली.

ओसामु मचाणावर चढला. कळ दाबली.

"सेऽनो."

आणि रेइजी गायला लागला.

खाली गिटार नाही, ड्रम नाही. नुसता तेवीस वर्षांच्या पोराचा आवाज, कडव्याच्या शेवटी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. लोकांनी वर केलेले हात खाली घेतले. कुणीतरी पुटपुटलं, श्रद्धांजली असेल.

काकू पंख्याने गुडघ्यावर ठेका धरून बसल्या होत्या.

पहिलं कडवं. दुसरं. तोमोएच्या पायाखाली मैदानाची माती नव्हती, सिमेंट होतं. ओलं, शेवाळलेलं, धक्क्यावरचं. तिने खाली बघितलं नाही.

शेवटची ओळ झाली. आवाज थांबला.



मग ड्रम आला. तिचाच, तेवीस वर्षांच्या तोमोएचा. मागून गिटार. दोनशे माणसांनी पहिलं पाऊल टाकलं आणि ती बिनआवाजाच्या गाण्यावर गोल फिरायला लागली.

काकूंनी मान वर केली नाही.

"इतका वेळ?"

"काय, काकू?"

"तुम्ही दोघं. इतका वेळ उभे होतात?"

तोमोए खुर्चीपाशी वाकली.

"हो."

काकूंनी मान डोलावली. बर्फाचा भाव सांगावा तसं त्या म्हणाल्या, "तो रोज सांगतो. मीच म्हणायचे, तुझ्या मोजण्यात चूक असेल रे."

बायका समोरून हसत, टाळ्या वाजवत गेल्या. ड्रम चालू होता. काकूंच्या हातातला पंखाही गुडघ्यावर पडत होता, दर वेळी ड्रमच्या एक ठोका आधी. आणि दुसऱ्या हाताने त्यांनी तोमोएचं मनगट धरलं होतं, तिघं मिळून उडी मारताना धरतात तसं.