गुंड्याची शेवटची शिकवणी

बागेच्या फाटकापाशी तिच्या कुत्र्यानं, गुंड्यानं, एका अनोळखी माणसाचा पाय घट्ट धरला आणि जे काही सुरू केलं, ते पाहून तिला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

"गुंड्या, सोड... सॉरी हं, तो असा नाहीये—"

"असाच आहे," तो माणूस शांतपणे म्हणाला. "वयात आलाय. ओरडू नका, हसूही नका. त्याला वाटेल, मजा चाललीय."

तो नुसता पाठ फिरवून उभा राहिला. गुंड्या कंटाळला, सुटला. कुत्र्यांना शिकवणं हाच त्या माणसाचा धंदा निघाला.

ती पडदे आणि उशा शिवायची. गिऱ्हाइकांच्या नव्याकोऱ्या उशांवर गुंड्या चढायचा, म्हणून शिकवणी लावणं भागच आहे, असं तिनं आत्याला पटवलं.

"उशांसाठीच ना? बरं बरं," आत्या म्हणाली.

मास्तर येऊ लागला. चढणं म्हणजे दर वेळी तसलंच नसतं, तो सांगायचा. आनंद अंगात मावेना, काय करावं सुचेना, तरी कुत्रा चढतो. तो गोल गोल फिरायला लागला, की चढायच्या आतच हाक मारायची, 'बस' म्हणायचं, बसला की खाऊ. नाहीच ऐकलं, तर चघळायला काहीतरी देऊन शेजारच्या खोलीत जरा निवांत ठेवायचं. ती मान डोलवायची. लक्ष मात्र गुंड्याचे कान खाजवणाऱ्या त्याच्या बोटांकडे असायचं.

हळूहळू उशा सुटल्या, आत्याचे पाय सुटले. आज शेवटची शिकवणी. तिला धड आनंद होईना, धड रडू येईना. गुंड्या सुधारला म्हणजे हा जाणार... तेवढ्यात बेल वाजली, दार उघडलं, आणि गुंड्या थेट मास्तरच्या पायावर चढला. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

"कोडंच आहे," पाठ फिरवत मास्तर म्हणाला. "आता फक्त मी आलो की चढतो. मी यायच्या आधी घरात काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" आत्या आतून म्हणाली. "ही तीनतीनदा केस बांधते, खिडकीशी जाते, परत येते. तो बिचारा हिच्यामागे गरगर फिरतो."

ती शिलाई मशीनवर जाऊन बसली. सुईखाली कापड नव्हतं, तरी पाय मशीन चालवत होते.

"अच्छा..." मास्तर थबकला. "म्हणजे धांदल तुमची, आणि अंगात येते त्याच्या."

"मग... उपाय?"

"मी येणं बंद करायचं."

मशीन थांबलं.

"हा एक," तो घाईघाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "दुसरा म्हणजे, रोज यायचं. इतकं, की माझ्या येण्याचं कुणाला नवलच वाटू नये."

"तसं होईल?"

"गुंड्याचं होईल. तुमचं... नाही झालं तर बरं. माझं तर होणारच नाही. मी गल्लीत दोन चकरा मारतो, मगच बेल वाजवतो."

गुंड्यानं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं आणि कुणी न सांगताच खाली बसला.

मास्तरच्या मुठीतला खाऊ मुठीतच राहिला होता. ती उठली, तिनंच ती मूठ उघडली, खाऊ गुंड्याला दिला. हात मात्र ठेवून घेतला.

"उद्या चकरा मारू नका," ती म्हणाली. "सरळ वर या."